६५० येनच्या वाडग्यात न धरलेला खर्च: तोक्योतल्या एका जुन्या रामेन दुकानाचं प्रकरण

हे दुकान तोक्योच्या पूर्व भागात, आराकावा नदीजवळच्या एका जुन्या बाजारगल्लीत आहे. ओळख पटू नये म्हणून वयं, आकडे आणि काही खुणा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र तेच ठेवलेत. मी एका करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयात काम करते आणि या दुकानाची बिलं, वह्या आमच्याकडे येतात. त्याआधीपासून, म्हणजे नऊ वर्षं, मी तिथे जेवायला जाते. त्यामुळे हे दुकान बंद पडू नये असं मला वाटत होतं, आणि माझ्या सल्ल्यावर त्याचा परिणाम झालाच असणार. वाचताना हे लक्षात असू द्यावं.

पार्श्वभूमी

रामेन, म्हणजे सुपात वाढलेल्या नूडल्स, म्हटलं की आता रांगा, दाट पांढुरकं सूप आणि फोटो काढणारे पर्यटक डोळ्यांसमोर येतात. हे दुकान त्या जातीचं नाही. दारावरच्या नोरेनवर, म्हणजे फाटे पाडलेल्या कापडी पडद्यावर, ‘चुका सोबा’ असं लिहिलेलं आहे. चुका सोबा म्हणजे चिनी सोबा, अर्थात चिनी पद्धतीच्या नूडल्स. तोक्योच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये ‘रायरायकेन’ हे उपाहारगृह सुरू झालं, तिथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले स्वयंपाकी होते आणि पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘शिना’ हा शब्द चीनला हिणवणारा म्हणून मागे पडला आणि त्या जागी ‘चुका’ आलं. ‘रामेन’ हे नाव घरोघरी पोचलं ते १९५८ मध्ये निस्सिन कंपनीने झटपट शिजणारं चिकन रामेन बाजारात आणल्यावर. मधल्या काळात अमेरिकेतून आलेल्या गव्हाचा जपानला मोठा आधार झाला. रात्री हातगाडीवाले चारुमेरा नावाची छोटी सनई वाजवत गल्ल्यांतून फिरायचे. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी पक्की दुकानं थाटली. वस्तीतल्या अशा दुकानांना आता ‘माची-चुका’ म्हणतात. तिथे रामेनबरोबर ग्योझा (पातळ पारीत सारण भरून तव्यावर भाजलेल्या करंज्या), परतलेला भात, बिअर सगळं मिळतं, आणि गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावरचं असतं.

आपल्या प्रकरणातलं दुकान १९७६ मध्ये उघडलं. मालकांना सगळे ‘ताइशो’, म्हणजे उस्ताद, म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला ‘ओकामी-सान’, म्हणजे मालकीणबाई. २०२४ मध्ये ते ७४ वर्षांचे होते, त्या ७१ च्या. काउंटरला आठ गोल स्टूल, वर लाल रेक्झिन, तीन ठिकाणी चिकटपट्टी. मागे तीन टेबलं. भिंतीवर पदार्थांची नावं लिहिलेल्या कागदाच्या उभ्या पट्ट्या तेलाच्या वाफेने चहाच्या रंगाच्या झालेल्या. कोपऱ्यात वर फळीवर टीव्ही, त्यावर बेसबॉल. वाडग्याच्या काठावर लाल चौकोनी नागमोडी नक्षी, आणि रोजच्या घासण्याने ती काही वाडग्यांवरून अर्धी पुसली गेलेली.

वाडग्यात येतं ते साधं. कोंबडीची आणि डुकराची हाडं, सुकवलेली छोटी मासळी, कांदा आणि आलं यांचं तपकिरी, पारदर्शक सूप. त्यात पिवळसर नूडल्स. हा रंग आणि लवचिकपणा कांसुइ या क्षारामुळे येतो, आपल्या पापडखाराच्या कुळातला तो. वर चाशूचे, म्हणजे मुरवून शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे, दोन काप, आंबवलेले बांबूचे कोंब, नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा एक तुकडा, चिरलेली पात आणि गुलाबी भोवऱ्याची नारुतोची, म्हणजे माशाच्या वडीची, एक चकती.

लोक आता याला ‘शोवा रेट्रो’ म्हणतात. शोवा काळ, म्हणजे सम्राट हिरोहितोंची कारकीर्द, १९८९ मध्ये संपला आणि त्याची ओढ हा आज मोठा धंदा आहे. योकोहामाच्या रामेन संग्रहालयात १९९४ पासून १९५८ सालची एक आख्खी गल्ली उभी केलेली आहे, आणि ती सुरेख आहे. या दुकानात कुणी काही उभं केलेलं नव्हतं. स्टूल बदलायला पैसे नव्हते, म्हणून ते जुने राहिले. माझ्या मते पुढचं सगळं समजायला ही गोष्ट आधी कळायला हवी.

ताइशो पहाटे पाचला ६० लिटरच्या भांड्याखाली गॅस पेटवायचे. ओकामी-सान साडेनऊला खाली यायच्या, दोनशे ग्योझा वळायच्या, मग दुपारी आणि रात्री ऑर्डर घेणं, वाढणं, हिशेब, भांडी, फोन. जवळच्या छापखान्यात आणि चार-पाच म्हाताऱ्या घरांत त्या स्वतः डबा पोचवायच्या. ओकामोची नावाची उभी सरकत्या झाकणाची पत्र्याची पेटी असते, तिच्यात वाडगे प्लास्टिकच्या आवरणात बांधून. संध्याकाळी रिकामे वाडगे लोकांनी धुऊन दाराबाहेर ठेवलेले असत आणि त्या ते गोळा करत यायच्या. मदतीला एक नेपाळी विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासच काम करता येतं, तेवढा तो करायचा. एकुलती एक मुलगी नागोयाला नोकरीत.

अडचण

चुका सोबाची किंमत ६५० येन होती. २०२२ मध्ये ती ६०० वरून एवढी केली, तेव्हा ताइशोंनी दारावर माफीचं पत्र चिकटवलं होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारने आयात गव्हाचा विक्रीदर सरासरी १७.३ टक्के वाढवला आणि नूडल्सच्या कारखान्याकडून दरवाढीचं पत्र आलं. मग येन घसरला, गॅस चढला, २०२३ मध्ये बर्ड फ्लूमुळे अंडी महागली. ताइशोंनी यातलं काहीही गिऱ्हाइकापर्यंत पोचू दिलं नाही.

ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीने. ३ जुलै २०२४ ला जपानमध्ये नव्या नोटा आल्या. ओकामी-सानच्या गुडघ्याला आराम मिळावा म्हणून काही वर्षांपूर्वी दुकानाने एक जुनं तिकीट यंत्र घेतलं होतं. गिऱ्हाईक दारातच पैसे टाकतं, बटण दाबतं, तिकीट काउंटरवर ठेवतं. हे यंत्र नव्या नोटा घेईना आणि मॉडेल इतकं जुनं की सुधारताही येईना. नव्याचा भाव दहा लाख येनच्या वर. पहिले काही आठवडे ओकामी-सान स्वतःच्या पाकिटातल्या जुन्या नोटा देऊन गिऱ्हाइकांच्या नव्या घेत होत्या.

ऑगस्टच्या शेवटी ताइशो आमच्या कार्यालयात आले आणि म्हणाले, “यंत्र घेऊ की दुकान बंद करू, एवढंच सांगा.”

त्या वर्षी रामेन दुकानांच्या दिवाळखोरीचा आकडा गाजत होता. तेइकोकु डेटाबँक या पतमाहिती कंपनीने २०२४ साठी तो ७२ दिला, तोवरचा सर्वांत मोठा. पण अशी म्हातारी दुकानं त्या आकड्यात येतच नाहीत. त्यांच्यावर कर्ज नसतं. एक दिवस शटरवर ‘इतकी वर्षं आभारी आहोत’ असा कागद लागतो आणि संपतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांच्या मनातलाच होता: वर्षअखेरीस सन्मानाने बंद करणं. घर स्वतःचं, निवृत्तिवेतन दोघांना, कर्ज नाही. याच्या विरोधात बोलण्यासारखं आर्थिक कारण माझ्याकडे नव्हतं.

दुसरा पर्याय चालून आलेला. एका कंपनीला दुकानाचं नाव, पाटी, स्टूल आणि वाडगे हवे होते. तिला शोवा काळाचा देखावा असलेल्या शाखा काढायच्या होत्या. सूप मध्यवर्ती स्वयंपाकघरातून घट्ट करून यायचं होतं. रक्कम बरी होती. ओकामी-साननी एकच विचारलं, “डबे कोण पोचवणार?” कंपनीच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की ती सेवा योजनेत नाही. ताइशोंनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

तिसरा पर्याय नेपाळी मुलाचा. हात चांगला, गिऱ्हाइकांना आवडणारा, आणि त्याला दुकान चालवायची इच्छाही होती. पण विद्यार्थी व्हिसावरून व्यवसाय चालवण्याच्या व्हिसावर जायला तेव्हा ५० लाख येनचं भांडवल किंवा तितकीच भक्कम मांडणी दाखवावी लागे. (ऑक्टोबर २०२५ पासून ही अट ३ कोटींची झाली आहे.) माणूस योग्य होता, वाट बंद होती. मला आजही हे बोचतं.

चौथा पर्याय म्हणजे बाहेरचा वारस शोधणं. प्रत्येक प्रांतात व्यवसाय हस्तांतरणाला मदत करणारं सरकारी केंद्र आहे. तिथे नाव नोंदवता येतं. पण नोंदवण्याआधी तिथला माणूस साहजिकच एक प्रश्न विचारणार होता: या दुकानातून नव्या मालकाच्या हातात काय पडेल?

त्या प्रश्नासाठी मी एका संध्याकाळी हिशेब पुन्हा मांडला. महिन्याला २५ दिवस, दिवसाला ७५ गिऱ्हाइकं, सरासरी बिल ८५० येन. उपभोग कर वजा जाता महिन्याला साधारण १४ लाख ५० हजार. माल ५ लाख ५० हजार, गॅस-वीज-पाणी दीड लाख, विद्यार्थ्याचा पगार १ लाख ३५ हजार, बाकी किरकोळ १ लाख १० हजार. उरले सुमारे ५ लाख ५ हजार येन. ताइशो हे आकडे बघून खूश झाले. “म्हणजे चाललंय की!”

मग मी दोन ओळी वाढवल्या. ताइशोंचे महिन्याचे तास ३२५, ओकामी-सानचे २५०. तोक्योचं तेव्हाचं किमान वेतन तासाला १,११३ येन. दोघांचे मिळून ६ लाख ४० हजार होतात. तिसरी ओळ भाड्याची: तशा गाळ्याला त्या गल्लीत दोन लाख पडले असते. आता बेरीज दरमहा ३ लाख ३५ हजारांनी तुटीत गेली. १,८७५ गिऱ्हाइकांत वाटलं तर प्रत्येक जेवणामागे १८० येन कमी घेतले जात होते.

विवरणपत्रात ही तूट कधी दिसली नव्हती. ते साध्या पद्धतीचं, ज्याला इथे ‘पांढरं’ म्हणतात तसं विवरणपत्र भरत. त्यात घरच्या धंद्यात राबणाऱ्या पत्नीसाठी वर्षाला जास्तीत जास्त ८ लाख ६० हजार येनची ठरीव वजावट मिळते, ती कितीही तास राबली तरी. ओकामी-सानच्या तासांनी भागलं की तासाला २८७ येन होतात.

त्या कागदाकडे बघून ओकामी-सान म्हणाल्या, “माझे तास कशाला धरता? मी तर घरातच असते.”

माझी मावशी सांगलीत खाणावळ चालवायची. नाव काकांचं, पाटी काकांची, आणि ‘ती काय, घरातच असते’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते जपानी भाषेत ऐकल्यावर माझ्याच्याने पुढे बोलवेना. पण सल्ला म्हणून जे सांगायचं होतं ते त्या कागदावर स्पष्ट होतं. ६५० ही किंमत स्वतःचं घर, दोन निवृत्तिवेतनं आणि एका बाईचे न धरलेले तास यांच्यावर उभी होती. या तीन गोष्टी ज्याच्याकडे नाहीत त्याला हे दुकान घेताच येणार नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून राखलेली किंमतच दुकानाला वारस मिळू देत नव्हती.

काय केलं

यंत्राचा निर्णय सर्वांत सोपा वाटला. नवं घ्यायचं नाही, जुनं काढून टाकायचं, पूर्वीसारखी तोंडी ऑर्डर घ्यायची. दहा लाख वाचले. दारातली जागा मोकळी झाली आणि गिऱ्हाइकं खूश झाली, आता आत शिरल्या शिरल्या “या, या!” ऐकू येतं, पूर्वीचे दिवस परत आले, असं म्हणू लागली. मीही म्हणाले. या निर्णयाकडे मी नंतर परत येणार आहे.

किंमत हा खरा झगडा होता. ताइशोंची तयारी ७०० पर्यंत. इथे ‘हजार येनची भिंत’ असा शब्दच आहे: रामेनला हजारापेक्षा जास्त द्यायला माणूस कचरतो. ती भिंत त्यांच्यापासून कोसभर दूर होती, तरी त्यांना ती समोर दिसत होती. त्यांचं म्हणणं होतं की छापखान्यातला मुलगा रोज येतो, वाडग्यामागे दोनशेचा फरक म्हणजे त्याच्या महिन्याच्या खर्चात चार हजार. हे म्हणणं खोटं नव्हतं. मी ते उडवून लावलं असतं तर त्यांनी माझं ऐकलंच नसतं. शेवटी दोन टप्पे ठरले: जानेवारी २०२५ पासून ७५०, आणि हस्तांतरणाच्या दिवशी ८५०. आणखी एक गोष्ट ठरली, ती ओकामी-सानची सूचना: अर्ध्या नूडल्सचा छोटा वाडगा ६०० ला ठेवायचा. माफीचं पत्र याही वेळी लागलं, पण त्यात कारण लिहिलं: हे दुकान पुढच्या माणसाला चालवता यावं म्हणून.

वारस केंद्राकडून आला नाही, काउंटरवरून आला. दोन गल्ल्या पलीकडे वाढलेला, शाळेत बेसबॉल खेळून संघासकट इथे जेवणारा, आता ४१ वर्षांचा माणूस. एका साखळी रामेन दुकानाच्या स्वयंपाकघरात त्याने बारा वर्षं काढली होती. किंमत वाढणार असं कळल्यावर त्याने विचारलं, “मग मला हिशेब दाखवाल का?” ६५० वर त्याने विचारलंच नसतं, हे त्याने स्वतः मला सांगितलं. केंद्राची मदत कराराच्या मसुद्यात मात्र फार झाली.

नोव्हेंबर २०२४ पासून तो पहाटे पाचला येऊ लागला आणि आमचं नोंदींचं काम सुरू झालं. ताइशो काहीच मोजत नसत. मी काटा आणि वही घेऊन सुट्टीच्या सकाळी शेजारी उभी राहायचे. ते वाडग्यात सोया सॉसचा तारे, म्हणजे सुपाला चव देणारा खारट रस, घालायला पळी उचलत, आणि मी मध्येच वाडगा काट्यावर ठेवायला लावत असे. ३२ ग्रॅम. पुढचा २८. त्याच्या पुढचा ३५. आम्हाला वाटलं हात चुकतोय. तिसऱ्या आठवड्यात उलगडा झाला. दुपारी कमी असायचा, रात्री जास्त, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त, कारण रात्री येणारे दिवसभर घाम गाळून येतात. वर चिमूटभर अजिनोमोतो, चमचाभर कोंबडीची चरबी, मग सूप. नूडल्स ते सपाट जाळीच्या चाळणीवर उचलत. खोल चाळण्यांत मापाने टाकून झटकणं सोपं, पण सपाट चाळणीत नूडल्स तळहातावर घेतल्यासारख्या उलटसुलट होतात आणि पाणी पूर्ण निथळतं. साखळी दुकानात बारा वर्षं काढलेल्या माणसाला ते जमायला चार महिने लागले.

तीन महिन्यांत वही भरली. सूपचे तापमान, हाडं उकळून धुवायची वेळ, तारेत नवा सोया सॉस किती दिवसांनी मिसळायचा, सगळं. आम्हाला वाटलं, दुकान कागदावर उतरलं.

वाटेत लागलेला खड्डा

फेब्रुवारी २०२५ मध्ये ओकामी-सानच्या गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे पायऱ्या उतरायला मनाई केली.

पहिल्याच दिवशी ग्योझा तव्यावर उकलू लागल्या. विद्यार्थ्याने त्या तिप्पट वेळ लावून वळल्या होत्या, पण कडा दाबताना पाणी किती लावायचं हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. ते चाललं असतं. दुपारी अडीचला एक वृद्ध गृहस्थ येतात, पत्नी वारलेली, “नेहमीचं” एवढंच म्हणतात. नव्या माणसाने चुका सोबाचा पूर्ण वाडगा दिला, उत्तम बनवलेला. त्यांचं ‘नेहमीचं’ म्हणजे अर्ध्या नूडल्स, मऊ, चाशूऐवजी एक अंडं, कारण दातांनी मांस तुटत नाही. ते काही बोलले नाहीत. अर्धं खाल्लं, अन्न टाकावं लागलं म्हणून दोनदा माफी मागितली आणि पुढचे आठ दिवस आले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात एका कुटुंबाच्या टेबलावर वान्तान, म्हणजे पातळ पारीत सारण भरलेल्या पुरचुंड्या, घातलेलं सूप जाणार होतं. त्या घरच्या मुलाला कोळंबी चालत नाही, ॲलर्जी आहे. इथल्या वान्तानमध्ये कोळंबी असते. मुलाच्या वडिलांनी “यात ओकामी-सान ते काढतात ना?” असं विचारलं म्हणून वाडगा परत फिरला. त्या रात्री नवा माणूस दुकान बंद झाल्यावर स्टूलवर बसून राहिला. “माझ्या वहीत हे नाही,” तो म्हणाला.

नव्हतंच. तीन महिने आम्ही एका माणसाच्या हाताचा हिशेब लिहिला. दुसऱ्या माणसाच्या डोक्यात काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही, जिने तिचे तास कागदावर मांडले होते.

आणि गुडघा दुखावला कशाने? यंत्र काढल्यावर प्रत्येक ऑर्डरसाठी, प्रत्येक सुट्ट्यासाठी त्या पुन्हा टेबलापर्यंत चालू लागल्या होत्या. आम्ही वाचवलेले दहा लाख त्यांच्या पायातून गेले. निर्णयाच्या बैठकीत त्या चहा देत होत्या. यंत्र मुळात कुणाच्या गुडघ्यासाठी घेतलं होतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी विचारलं नाही.

मार्चमध्ये त्या परतल्यावर दहा दिवस, दुपारच्या बंद वेळात, मी त्यांच्यासमोर वही उघडून बसले. त्यांना आधी काही आठवेना. “मला काय येतं!” मग मी खुर्च्यांवरून विचारायला लागले: या खुर्चीवर कोण बसतं? आणि त्या बोलत सुटल्या. दारातून तिसऱ्या स्टूलवरच्या टॅक्सीवाल्याला पाणी आधी, मेनू नंतर. छापखान्याला शुक्रवारी दोन वाडगे जास्त. एका आजींचा वाडगा संध्याकाळी धुतलेला नसेल तर बेल वाजवून बघायची, कारण त्या कधी न धुता ठेवत नाहीत. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा त्या पडलेल्या सापडल्या. ६४ गिऱ्हाइकांच्या नोंदी झाल्या. अजून कितीतरी राहिल्या असणार.

परिणाम

जून २०२५ मध्ये दुकान नव्या माणसाच्या नावावर झालं. खालचा गाळा तो सवलतीच्या भाड्याने, दरमहा १ लाख २० हजारांना घेतो. ताइशो-ओकामी-सान वर राहतात. चुका सोबा ८५० ला आहे. गिऱ्हाइकं ७५ वरून ६८ वर आली. छापखान्यातला मुलगा आता आठवड्यातून चारदा येतो, आणि त्यातले दोन दिवस छोटा वाडगा घेतो. त्याच्याबद्दल ताइशोंची काळजी खरी ठरली. सगळे खर्च आणि कर्जाचा हप्ता जाऊन नव्या मालकाच्या हातात २ लाख ८० हजारांच्या आसपास पडतात. साखळी दुकानातल्या पगारापेक्षा कमीच, पण त्याला पुढे जाता येईल असं त्याला वाटतं. मला वाटतं, तांदळाचे भाव असेच राहिले तर परतलेल्या भाताची किंमत त्याला अजून एकदा वाढवावी लागेल.

चव? जुनी गिऱ्हाइकं म्हणतात तीच आहे. ताइशो म्हणतात थोडी वेगळी आहे, आणि त्यावर गप्प बसतात. नेपाळी मुलगा शिक्षण संपवून ओसाकाला नोकरीला गेला. कागदाच्या पट्ट्यांवर नवी किंमत जुन्या पट्टीवरच चिकटवली आहे. स्टूलवरची चिकटपट्टी आहे तिथेच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

किंमत २०२२ मध्येच, गव्हाच्या दरवाढीबरोबर मोठ्या टप्प्याने वाढवायला हवी होती. तेव्हा सगळीकडेच भाव चढत होते आणि लोकांनी समजून घेतलं असतं. वारस तेव्हा ३९ चा होता आणि ताइशोंकडे शिकवायला आणखी दोन वर्षांचं बळ होतं. आमच्या कार्यालयाने त्यांना निळ्या विवरणपत्राकडे वळवायला हवं होतं, ते याहून कितीतरी आधी. त्यात आगाऊ कळवून पत्नीला खराखुरा पगार देता येतो. कर थोडाच वाचला असता, पण तिचे तास दरवर्षी एका ओळीत दिसले असते आणि ६५० या आकड्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. ही चूक आमची आहे.

यंत्राबाबत मी आज स्वस्तातलं साधं, नाण्यांवर आणि कार्डावर चालणारं काहीतरी शोधा असं सांगेन, किंवा निदान टेबलं काउंटरच्या बाजूला ओढा असं. तोंडी ऑर्डर सुंदर आहे. ती कुणाच्या पायांवर चालते ते आधी बघायला हवं.

आणि नोंदींचं काम मी खुर्च्यांपासून सुरू करेन, सुपापासून नाही. सूप शिकवायला ताइशो समोर होते. साखळीत शिकलेल्या माणसाने ते कसंही गाठलं असतं. ओकामी-सानचे दहा दिवस मिळाले ते त्यांचा गुडघा दुखावला म्हणून.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तोक्योचं किमान वेतन १,२२६ झालं. त्या महिन्यापासून ओकामी-सान आठवड्यातून तीन दुपारी पगारी काम करतात: ग्योझा वळणं आणि दोन ते चार बसून राहणं. डबे आता नवा मालक पोचवतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की हजेरीचं कार्ड मध्येच पंच केलेलं असतं. अडीचला ते वृद्ध गृहस्थ आले की ओकामी-सान उठून कार्ड बाहेरचं म्हणून पंच करत, मग त्यांच्या शेजारी बसून बोलत, आणि ते गेले की परत आत. “बोलायचे पैसे कसे घ्यायचे?” असं त्या म्हणाल्या. त्याने आम्हाला फोन करून विचारलं की हे तास धरायचे का. आम्ही सांगितलं, धरायचे. त्याने कार्डाचं यंत्र भिंतीवर इतकं वर लावलं की ओकामी-सानचा हात पुरत नाही. आता आल्यावर आणि जाताना तोच त्यांचं कार्ड पंच करतो.